काचीगुड्याची संशयित बाई

मी माझ्याच विहारात संशयित म्हणून शिरले ती गोष्ट आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पाहुणा चहाचा कप उचलतो न उचलतो तोच ती म्हणते, "हिला पोलिसांनी बाँब ठेवायला पाठवलं होतं." पाहुण्याचा कप तिथेच थांबतो. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही.

मी हैदराबादेत बँकेत आहे, कोठीच्या शाखेत. पन्नाशी जवळ आलीय. लग्न केलं नाही, आईबरोबर काचीगुड्यात राहते. वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. इतकी वर्षं काउंटरच्या काचेमागे बसून माझा चेहरा असा झालाय की समोर आलेला माणूस आपोआप रांगेत सरळ उभा राहतो. ऑफिसात मला मागे 'हेडमास्तरीण' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. हसायचं म्हटलं की मी तोंडावर हात धरून, आवाज न करता हसायचे. लहानपणापासूनची सवय.

आमचा विहार स्टेशनमागच्या गल्लीत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर एक लांबट हॉल. पुढून जिना, मागून नळाकडे उतरणारा अरुंद लोखंडी जिना. विहाराचा स्टाफ म्हणाल तर दोघेच. मी सेक्रेटरी, कारण कमिटीत दुसरं कुणी तयार नव्हतं. आणि काका. काका आमचे नात्याचे नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणते. ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून विहाराचं कुलूप, झाडू, दिवाबत्ती, चपलांची शिस्त, सगळं त्यांच्याकडे.

एका रविवारी वंदना संपता संपता पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टर मॅडम आल्या. बूट बाहेर काढून आत आल्या, मूर्तीला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "देखो जी, अपने इलाके के सब मंदिर, मस्जिद, चर्च, विहार, सबके लोगों कू ट्रेनिंग दे रहे. भीड कैसी संभालना, आग लगी तो क्या करना, कोई बॅग छोड के गया तो क्या करना. आप के यहाँ से कौन आता?"

मी काकांकडे पाहिलं. काका आधीच सावधान उभे होते.

ट्रेनिंग नारायणगुड्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून स्टेजवर लटकत होती आणि नवरानवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्यांच्या मधोमध इन्स्पेक्टर मॅडम उभ्या. हॉल बऱ्यापैकी भरला होता. आमच्या रांगेत आम्ही दोघं, पलीकडे चर्चमध्ये देखभालीचं काम करणाऱ्या एक आंटी, त्यांच्या शेजारी एका मशिदीच्या दारावर बसणारे पांढऱ्या दाढीचे चाचा आणि टोकाला गणपतीच्या देवळातले पुजारीबुवा. हे देऊळ पुण्याकडून आलेल्या लोकांचं. बुवाही तिकडचेच. धोतर, वर इस्त्रीचा शर्ट, आणि मॅडमनी प्रश्न विचारायचा अवकाश, यांचा हात वर.

"अनजान आदमी दरवाजे पे दिखा तो सबसे पहले क्या करना?" मॅडमनी विचारलं.

"पोलिसांना कळवायचं!" बुवा.

"नै. सबसे पहले नमस्ते बोलने का." मॅडम हसल्या. "हँस के पूछने का, किससे मिलना है, कुछ मदत करूँ क्या. अच्छा आदमी खुश होता. गलत काम कू आया सो आदमी घबराता, के मेरेकू देख लिए."

मला हे फार पटलं. मग आम्हाला जोड्या करून एकमेकांना नमस्कार करायला लावलं. माझी जोडी आंटींशी. त्या गोलमटोल, कपाळाला घाम, हातात सतत रुमाल. त्यांचं मराठी शून्य, माझी तेलुगू बाजारापुरती, दोघींचा हैदराबादी हिंदीवर भरवसा. मी माझ्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, "नमस्ते. आपको क्या काम है?"

आंटी एक पाऊल मागे सरकल्या. "अय्यो! मैं तो इतने में भाग जाती, अम्मा!"

इथेच पहिलं हसू फुटलं. आधी त्यांना, मग मला. तोंडावर हात धरला तरी नाकातून आवाज आला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चालत्या गाडीतून कुणी डोकं बाहेर काढलंय.

मग आगीचा धडा. अग्निशमन दलातला एक माणूस आम्हाला अंगणात घेऊन गेला. पत्र्याच्या डब्यात थोडे कागद पेटवले आणि लाल सिलिंडर आंटींच्या हातात दिला. "पिन खींचो, पाइप आग की तरफ, और दबाओ." आंटींनी पिन खेचली आणि दाबलं. पाइप कुठल्या दिशेला आहे तेवढंच बघायचं राहिलं. पांढऱ्या पावडरीचा मोठा ढग उठला, आणि विरला तेव्हा मधोमध पुजारीबुवा उभे होते. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, धोतर होतंच पांढरं. फक्त डोळे तेवढे दिसत होते.

बुवांनी डोळ्यांवरची पावडर बोटाने पुसली आणि शांतपणे म्हणाले, "चालेल. अभिषेक झाला असं समजतो."

मी जी हसायला लागले ती थांबूच शकले नाही. आंटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, मध्येच "सॉरी सामी, सॉरी" म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. चाचांनी आपला रुमाल ओला करून बुवांचं तोंड पुसून दिलं, पण त्यांची दाढीही हलत होती. माझ्या पोटात दुखायला लागलं. शाळा सुटल्यापासून मी अशी हसले नव्हते, आणि शाळेतही हसले होते की नाही, आठवत नाही.

जेवणानंतर मॅडम म्हणाल्या की या हॉलमध्ये सकाळपासून एक बेवारस बॅग आहे, शोधा. आम्ही सगळे उठलो. एकाने खांबामागची पिशवी दाखवली, ती आंटींची निघाली. काकांनी पंख्याखालची शोधली, ती चाचांच्या औषधांची. बुवांनी तर स्टेजमागून स्वतःचीच छत्री शोधून काढली. सापडत होतं ते सगळं आमचंच. शेवटी मॅडम माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि खुर्चीवरची काळी बॅग उचलली. मी सकाळपासून तिला उशीसारखी पाठीशी घेऊन बसले होते.

"मॅडमजी," त्या म्हणाल्या, "आराम मिला?"

हॉल इतका हसला की स्टेजवरची फुलं हलली असतील. माझे कान गरम झाले. निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांना काही ठिकाणी परीक्षा घ्यायची होती. कुणीतरी अनोळखी म्हणून जायचं, बॅग ठेवून निघायचं, आणि तिथले लोक काय करतात ते बघायचं. पोलीस पाठवला तर त्याच्या चालण्यावरूनच लोक ओळखतात.

"आप जाओ. आप पे किसी कू शक नै आता. बँक में बैठे सो चेहरा है. मैं गाडी लेके आसपासिच रहती."

"पण ते सगळे मला ओळखतात," मी म्हणाले.

"तो ऐसे जाओ के नै पहचानना."

हे मी आईला सांगितलं नाही. भाचीला सांगितलं. ती हायटेक सिटीकडे कंपनीत आहे, मराठी बोलते पण वाचायला घेतलं की प्रत्येक अक्षराशी भांडते. तिचा आनंद गगनात मावेना. रविवारी सकाळी मी आईला बँकेचं काम आहे म्हणून सांगून तिच्या खोलीवर गेले. तिने मला स्वतःची जीन्स घातली. जीन्स मी आयुष्यात पहिल्यांदाच घालत होते, आणि बसल्यावर तिचं बटण राहील की जाईल याचा भरवसा नव्हता. वर ढगळ शर्ट, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क आणि अर्धा चेहरा झाकणारा काळा गॉगल.

"मावशी, तू टोटली सस्पिशियस दिसतेस यार!" ती टाळ्या वाजवत म्हणाली.

मी आरशात पाहिलं. आरशातली बाई माझ्याकडे बघत होती आणि ती कोण हे मला खरंच सांगता आलं नसतं. तिथपासूनच माझ्या पायांना काहीतरी झालं. जिना उतरताना मी दोन दोन पायऱ्या उतरले.

पहिलं देऊळ. मॅडमची तीच काळी बॅग माझ्या खांद्याला, आत नुसते चुरगळलेले पेपर. पुजारीबुवा गाभाऱ्यात होते. मी हात जोडले, एक चक्कर मारली, बॅग बाकाखाली सरकवली आणि निघाले. कुणी नमस्ते म्हटलं नाही, कुणी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, बुवा नापास. रस्त्याच्या कडेला रिक्षाला हात करते तोच मागून हाका आल्या.

"अहो बाई! अहो गॉगलवाल्या बाई!"

वळून पाहते तर सोवळं सावरत, अनवाणी पायांनी, स्कूटरींमधून वाट काढत बुवा पळत येताहेत. छातीशी माझी काळी बॅग, दोन्ही हातांनी धरलेली, जणू कुणाचं तान्हं बाळ.

"असं विसरणं बरं नव्हे," ते धापा टाकत म्हणाले. "बॅग जड नाही म्हणून आठवण राहिली नसेल. मी आत प्रसादाचे लाडू घातलेत, म्हणजे आता वजनाने लक्षात राहील."

त्यांनी चेन उघडून त्यात डबा ठेवला होता! बेवारस बॅगेला हात लावायचा नाही, लोकांना दूर करायचं, कळवायचं, या सगळ्याची उत्तरं हॉलमध्ये याच माणसाने हात वर करून दिली होती. मी मान हलवली, बॅग घेतली आणि रिक्षात बसून गॉगलच्या आत डोळे मिटून हसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "दवाखाने कू जाना क्या अम्मा?"

चर्च नारायणगुड्याला. प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. मी शेवटच्या बाकावर बसले आणि बॅग पायाशी ठेवली. उठणार एवढ्यात आंटींनी मला पाहिलं. त्या आल्या, शेजारी बसल्या आणि हळू म्हणाल्या, "नमस्ते अम्मा. पहली बार आए?"

वा, मी मनात म्हटलं, पास. पण त्यांनी माझ्या काळ्या गॉगलकडे पाहिलं, मास्ककडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांना वाटलं, ही बाई दुःखात आहे, रडून डोळे सुजलेत म्हणून लपवतेय. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून तेलुगूत प्रार्थना सुरू केली. या अनाथ लेकराला धीर दे, हिच्या घरात शांती दे, एवढं मला कळलं.

आता मी काय करायचं? हात सोडवता येईना. मला बुवा आठवले, सोवळ्यात पळणारे. खांदे हलायला लागले. आंटींना वाटलं मी हुंदके देतेय. "एडवकम्मा, एडवकु," रडू नको म्हणत त्यांनी मला जवळ घेतलं आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. त्यांचं रडू ऐकून माझं हसू आणखी वाढलं. मास्क तोंडात जायला लागला. शेवटी गॉगल नाकावरून घसरला आणि आंटींच्या मांडीवर पडला.

आंटींनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पुसले.

"नुव्वा?" त्या ओरडल्या. "बँक अम्मा! तू?"

"परीक्षा थी, आंटी," मी कसंबसं म्हणाले. "आप पास."

त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग आम्ही दोघी त्या रिकाम्या बाकावर इतक्या हसलो की फादर डोकावून परत गेले. आपण कशाबद्दल रडलो, म्हणून त्या विचारत होत्या आणि विचारताना हसत होत्या. निघताना केकचे तुकडे कागदात बांधून बॅगेत घातले आणि बॅग माझ्या हातात न देता स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"अब किधर?"

"मस्जिद. फिर हमारा विहार."

"मैं भी आती," त्या म्हणाल्या. नको म्हणायची सोय नव्हती.

मशिदीपाशी आंटींना मी मोसंबीच्या गाड्याआड उभं केलं, कारण चाचा त्यांना ओळखत होते. बॅग घेतली आणि फाटकाकडे गेले. फाटकाच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून चाचा बसले होते. मी अजून पायरीवर पाय ठेवला नव्हता, तोच ते उठून उभे राहिले.

"अस्सलाम अलैकुम बेटी. किसकू मिलना?"

मी मानेनेच पाणी पाहिजे म्हणून खूण केली. त्यांनी मडक्यातून ग्लास भरून दिला. पाणी पिताना मी बॅग भिंतीशी टेकवली, ग्लास ठेवला आणि वळले.

"बेटी," मागून शांत आवाज आला. "झोला उठा लेव. जिसका सामान, उसीके हाथ में."

मी उचलली. मग पुन्हा खाली ठेवली आणि भराभर चालायला लागले. चाचा ओरडले नाहीत. बॅगेला हात लावला नाही. खुर्ची उचलून बॅगेपासून लांब नेली, अंगणातल्या दोघा माणसांना आत जायला सांगितलं, आणि खिशातून फोन काढला. मॅडमचा नंबर ते लावताहेत हे मला दिसलं. तेवढ्यात मोसंबीच्या गाड्यामागून असा काही हसण्याचा आवाज आला की गाडेवाल्याच्या हातून फळ निसटलं. आंटींना अजिबात धरवलं नव्हतं.

चाचांनी फोन कानाला तसाच ठेवून गाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा," ते म्हणाले. "तो ये खेल है."

ते शंभर टक्के पास होते, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "अब वो गार्ड साब की बारी?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी आतल्या एकाला दारावर बसवलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि निघालेल्या रिक्षात आमच्याशेजारी येऊन बसले. गार्ड साहेब काय करतात हे त्यांनाही बघायचं होतं. आम्ही तिघं, मध्ये बॅग, आणि मध्येच आंटींनी बुवांना पळताना मी कसं पाहिलं ते परत सांगायला लावलं. काचीगुड्यापर्यंत मी ते तीनदा तरी सांगितलं असेल.

विहारासमोर इराणी हॉटेल आहे. दोघांना तिथे चहाला बसवलं आणि मी जिना चढले. वंदना चालू होती. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, आणि पहिल्या रांगेत आई. दारात काका.

"नमो बुद्धाय, ताई," काका हळू आवाजात म्हणाले. "पहिल्यांदाच आलात? या. चपला इकडे."

आठवड्यातून निदान तीनदा मला भेटणाऱ्या माणसाने मला ओळखलं नाही! मी मान हलवून आत शिरले, शेवटच्या रांगेत बसले. थोड्या वेळाने बॅग कपाटाच्या कडेला सरकवली आणि मागच्या लोखंडी जिन्याने हळूच उतरले. चपला पुढच्या दारातच राहिल्या. अनवाणी पळत समोरच्या हॉटेलात आले आणि आंटींच्या पाठीआड दडले.

चहाचा एक घोटही झाला नसेल, आणि वरून शिट्टी वाजली.

ती गार्डची शिट्टी होती. लांब, सरळ, छातीत घुसणारी. समोरच्या हॉटेलातली सगळी माणसं वर बघायला लागली. मग काकांचा आवाज. "गाडी खाली करा! घाई नाही, ढकलाढकल नाही! म्हातारी माणसं आधी! सामान जागच्या जागी सोडा!"

आणि जिन्यावरून पांढऱ्या साड्यांची रांग उतरायला लागली. काय सुंदर उतरली म्हणून सांगू! एकमेकींचा हात धरून, एका बाजूने, कुणी किंचाळत नाही, कुणी मागे वळत नाही. झेरॉक्सवाल्याने शटर ओढलं आणि तोही रांगेत लागला. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर, हातात लाल झेंडी. घरातून आणली असणार, कारण विहारात ती मी कधी पाहिली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक बस वळत होती. काकांनी वरूनच झेंडी दाखवली आणि बस थांबली. मागे रिक्षा थांबल्या, स्कूटरी थांबल्या. सगळी गल्ली एका निवृत्त गार्डाने थांबवली होती.

"वाह," चाचा म्हणाले आणि उभे राहिले.

मी हसत होते, टाळ्या वाजवत होते. मग मी ऐकलं, काका खाली येऊन रस्त्यावर उभ्या बायकांना मोजत होते. मोजून झालं. पुन्हा मोजलं. मग ते म्हणाले, "एक कमी आहे. ती गॉगलवाली ताई आत राहिली. तिच्या चपला वर दारातच आहेत."

आणि ते जिन्याकडे वळले.

कुणीतरी म्हणालं, काका, नका जाऊ, पोलिसांना येऊ द्या. काका म्हणाले, "पहिल्यांदाच आलीय बिचारी. तिला मागचा जिना माहीत नाही." आणि ते चढायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, एका हाताने कठडा धरून, आत बॅग आहे हे माहीत असताना.

माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही. मी हॉटेलातून धावत सुटले, टोपी पडली, मास्क ओढून काढला. "काका! काका थांबा! मी इथे आहे!"

काकांनी वळून पाहिलं. "तुम्ही बाजूला व्हा, सेक्रेटरीताई. आत एक बाई अडकलीय."

"काका, ती बाई मीच!"

त्यांनी माझ्या जीन्सकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं. मी जिना चढून त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांचा हात धरला. "बॅगेत लाडू आहेत, काका. आणि केक. दुसरं काही नाही. मॅडमनी सांगितलं होतं."

"लाडू," काका म्हणाले.

"हो."

मला वाटलं आता रागावतील, आणि रागवायला हवंच होतं. पण त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हणजे मोजणी बरोबर आली," ते म्हणाले आणि शिट्टी खिशात ठेवली.

खाली एकच हशा उसळला. गर्दीतून आई पुढे आली, तिने माझा शर्ट चिमटीत धरून वर उचलला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बँकेचं काम या कपड्यांत करतात?" त्याच क्षणी भाचीच्या जीन्सचं बटण तुटून जिन्यावरून टणटण उड्या मारत खाली गेलं. आंटी रस्त्यात बसल्या. खरंच बसल्या, हसून हसून पाय गेले त्यांचे. आणि आई, जी माझ्यावर चिडली होती, तीही त्यांच्याशेजारी टेकली आणि पदर तोंडाला लावला. मी शर्ट खाली ओढून धरला आणि पहिल्यांदाच तोंडावर हात न ठेवता, सगळ्यांसमोर, मोठ्याने हसले. हात रिकामेच नव्हते.

इन्स्पेक्टर मॅडमची गाडी आली तेव्हा बसचा ड्रायव्हरही खाली उतरला होता आणि काय झालं म्हणून विचारत होता. मॅडमनी काकांना सॅल्यूट ठोकला. साधा नाही, कडक. काकांनीही ठोकला. मग मॅडम म्हणाल्या, सब बराबर किए, बस एक बात. आदमी अंदर रह गया तो आपने नै जाने का, हमकू बोलने का. काका म्हणाले, "जी मॅडम." पण ते पुन्हा जातील, हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं आणि मॅडमनाही वाचता येत होतं. बॅग वरून आणली. बुवांचे लाडू आणि आंटींचा केक रस्त्यातच वाटला गेला. ड्रायव्हरने दोन लाडू घेतले आणि मगच बस हलवली.

बुवांना मॅडमनी दुसऱ्या दिवशी भेटून काय चुकलं ते समजावलं. ते बिचारे थेट माझ्या बँकेत आले. काउंटरसमोर उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही मला तिथेच खरं सांगायला हवं होतं. निदान लाडू तरी परत मागून घेतले असते." आणि मग आम्ही दोघंही असे हसलो की मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. हेडमास्तरणीला हसताना त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेला विहारात दरवर्षीपेक्षा जास्त गर्दी झाली. मी कुणालाच बोलावलं नव्हतं, तरी सकाळीच चाचा आले आणि पुढच्या जिन्याशी खुर्ची टाकून बसले. आंटी पाण्याच्या टेबलावर उभ्या राहिल्या. बुवा मागच्या लोखंडी जिन्यावर, आणि या वेळी त्यांनी एकही पिशवी विचारल्याशिवाय वर जाऊ दिली नाही. दुपारी वायरिंगमधून थोडा धूर आला. आग नव्हती, नुसता धूर आणि जळका वास. काकांनी मेन स्विच बंद केला, मी मधल्या दारात उभी राहून लोकांना वाट दाखवली, आणि थोड्याच वेळात सगळा हॉल खाली गल्लीत होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

वायरमन येईपर्यंत वर जाता येणार नव्हतं. म्हणून खिरीचं पातेलं खाली आणलं आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर सतरंजी टाकली. आई वाढत होती. पहिला द्रोण तिने चाचांना दिला, दुसरा आंटींना. बुवा धोतर सावरून सतरंजीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "जरा गोड कमी आहे." आईने त्यांच्या द्रोणात आणखी एक डाव ओतला आणि म्हणाली, "मग जास्त खा."